पानामागचं पोट

तिसऱ्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तो सागाच्या फांदीवर उन्हाला येऊन बसला आणि चौदा मिनिटं बसून राहिला. रानपिंगळा, म्हणजे जंगलातलं एक दुर्मीळ छोटं घुबड, चौदा मिनिटं मिळणं म्हणजे आमच्या पक्षी चितारण्याच्या कामात घबाडच. त्या चौदा मिनिटांत भरलेल्या स्केचबुकाच्या एका पानाबद्दल हे लिहिते आहे. त्या पानाचं पुढे जे झालं ते मला अजून पचलेलं नाही.

काम माहितीफलकाचं होतं. मेळघाटातला रानपिंगळा आणि गावोगाव दिसणारा ठिपकेवाला पिंगळा शेजारी शेजारी काढायचे, म्हणजे लोकांना फरक कळेल. फोटो पाठवतो, त्यावरून काढा, असं काम देणाऱ्यांचं म्हणणं. मी पाच सकाळी मागून घेतल्या. फोटोवरून उतरवलेला पक्षी चटकन ओळखू येतो. त्याचे पाय फांदीवर ठेवलेले असतात, फांदी धरलेली नसते. अंगाचा भार कुठे पडलाय ते चित्रकाराला कळलेलं नसतं, कारण त्याने पक्ष्याला बूड हलवून नीट बसताना पाहिलेलंच नसतं. फलकांवर अशी चित्रं सर्रास चालतात आणि कुणाला काही वाटत नाही, याचं मला वाईट वाटतं.

प्रत्यक्ष पाहून काढताना डावा डोळा स्कोपला, म्हणजे तिपाईवरच्या दुर्बिणीला, आणि उजवा कागदावर, दोन्ही उघडे. सवय व्हायला मला दोन वर्षं लागली. एका पानावर पाच-सहा चित्रं एकदम सुरू करायची. पक्षी वळला की अर्धं सोडून दुसरं धरायचं. पुन्हा पहिल्यासारखा बसला की पहिल्यावर परत. खोडरबर पिशवीतच ठेवायचा, कारण चुकलेली रेघही पुढच्या रेघेला जागा दाखवते. जानेवारीतल्या तिथल्या थंडीत रंगाचा हात वाळत नाही, म्हणून जागेवर फक्त पेन्सिल आणि बाजूला अक्षरं: ‘क’ म्हणजे करडा, ‘ब’ म्हणजे बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग, ‘नि’ म्हणजे सावलीतली निळसर झाक. रंग दुपारी मुक्कामावर.

पांढऱ्यासाठी अक्षर नाही. जलरंगात पांढरं म्हणजे न रंगवलेला कागद. सगळी गोष्ट इथेच अडली आहे.

रानपिंगळ्याचं डोकं करडं-तपकिरी आणि जवळजवळ बिनठिपक्यांचं. छातीवर भरीव तपकिरी पट्टा, कुशीला रुंद आडवे पट्टे, आणि पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा. ठिपकेवाल्याच्या डोक्यावर ठिपक्यांची पखरण आणि पोटावर तुटक तपकिरी खुणा. त्यामुळे पोट दिसलं की शंका बरीचशी मिटते. त्या सकाळी डोकं दिसलं, पट्टा दिसला, पांढऱ्या पिसांनी भरलेले जाड पाय दिसले. मध्येच त्याने शेपूट डावी-उजवीकडे झटकली, तीही मी चार रेघांत पकडली आणि ती चार रेघांची शेपूट मला त्या पानातली सगळ्यात आवडती आहे. पोटासमोर मात्र सागाचं एक वाळलेलं मोठं पान लटकत होतं. मी तिथे काही काढलं नाही. बाणाने लिहिलं: ‘पान. दिसलं नाही.’

सोबत एक कोरकू दादा होते, जंगलात वाट दाखवणारे. दुपारी मी रंग भरत असताना ते मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, “ताई, पोट पांढरं केलं तुम्ही. ते तर पानामागं होतं ना?”

“केलं नाही दादा, सोडलंय,” मी म्हटलं.

“दिसतंय तर पांढरंच.”

पाचव्या सकाळी दोनेक किलोमीटरवर दुसरा रानपिंगळा मिळाला, समोरून, उघड्यावर. त्याचं पोट मी डोळे भरून पाहिलं. फलकावरच्या मोठ्या चित्रात ते पोट आहे आणि त्या चित्राबद्दल माझ्या मनात काही किल्मिष नाही. एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं.

पण बैठकीत त्यांना ते स्केचबुकातलं पानच फार आवडलं. ‘जिवंत वाटतं,’ म्हणाले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. ते पान फलकाच्या कोपऱ्यात जागा आणि तारखेसह छापायचं ठरलं. बाण आणि त्यावरचे शब्द राहू द्या, असं मी दोनदा सांगितलं. छापताना कडा कापल्या गेल्या आणि बाणाबरोबर ‘दिसलं नाही’ही गेलं. फलक उभा राहिल्यावर एक जुने, जाणते पक्षिनिरीक्षक मला म्हणाले, “पोट इतकं स्वच्छ दिसलं? नशीबवान आहात.”

कुणाला हे क्षुल्लक वाटेल. पण या पक्ष्याच्या बाबतीत नाही. १८७३ मध्ये पक्षितज्ज्ञ ह्यूमने त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, १८८४ मध्ये खानदेशात जेम्स डेव्हिडसनने शेवटचे नमुने, म्हणजे संग्रहालयासाठी भरून ठेवलेले पक्षी, मिळवले आणि मग शंभराहून जास्त वर्षं तो कुणालाच सापडला नाही. मधल्या काळातला एकच नमुना होता, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षिसंग्राहकाचा. १९१४, तापीकाठचं मांडवी, अशी त्यावर चिठ्ठी. तो डेव्हिडसनचाच पक्षी निघाला. लंडनच्या संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावलेला. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षितज्ज्ञांनी हे उघड केलं. ती चिठ्ठी बाजूला ठेवून खऱ्या जुन्या जागा धुंडाळल्या, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला. म्हणजे पक्षी खरा, चिठ्ठी खोटी, आणि त्या चिठ्ठीवर विश्वासून शोधणाऱ्यांचे कष्ट वाया.

मी चोरी केलेली नाही, हे मला कळतं. माझा पक्षीही रानपिंगळाच होता. डोकं, पट्टा, शेपूट, तिन्हींवर मी ठाम आहे. तरी जागा आणि तारीख लिहिलेल्या त्या पानावर एक खूण अशी आहे जी मी पाहिली नाही, आणि नेमकी तीच लोक आधी पाहतात. नवा फलक करा, निदान एक पट्टी तरी चिकटवा, म्हणून दोन पत्रं लिहिली. उत्तर नाही.

आता न दिसलेल्या जागेवर मी तिरप्या रेघा मारते, जागेवरच. पान कसंही कापलं तरी त्या रेघा कापल्या जाणार नाहीत. चित्र थोडं विद्रूप दिसतं, दिसू दे. येत्या जानेवारीत पुन्हा त्याच सागाखाली बसायचं आहे. दादांना सांगून ठेवलंय. ते म्हणाले, “तो तिथंच असतो ताई. या वेळी त्या बाजूनं बसू.”