पास आऊट

पुण्यात मी परदेशी जाणाऱ्या नर्सेसना इंग्लिश शिकवते, बहुतेक जणी यूकेसाठी ओईटीची, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्या लोकांच्या इंग्लिश परीक्षेची, तयारी करणाऱ्या. त्या परीक्षेत स्पीकिंगला दोन रोल-प्ले असतात, साधारण पाच-पाच मिनिटांचे, समोरचा माणूस पेशंट किंवा नातेवाईक होतो आणि आपण सिस्टर म्हणून बोलायचं.

त्या दिवशी मी पेशंटची मुलगी झाले होते. कार्डावर एवढंच, की वडील सकाळी बेडवरून पटकन उठले, चक्कर येऊन पडले, मिनिटभरात शुद्धीवर आले. समोर साताऱ्याकडच्या एक सिस्टर, आयसीयूत कित्येक वर्षं काढलेल्या. त्यांनी खुर्ची जवळ ओढली, आवाज मऊ केला आणि म्हणाल्या, "युवर फादर पास्ड अवे धिस मॉर्निंग."

मी तिथेच थांबवलं, कारण खऱ्या वॉर्डात हे ऐकून ती मुलगी कोसळलीच असती. विचारलं, "सिस्टर, पास्ड आऊट म्हणायचं होतं का?" तर म्हणाल्या, "मॅडम, पास आऊट म्हणजे कोर्स पूर्ण होणं ना? मी २०१४ची पास आऊट आहे. म्हणून ते नको म्हटलं, दुसरं घेतलं."

मला तर त्यांचं लॉजिक पटलंच! आपल्याकडे सगळे असंच बोलतात, कुठल्या बॅचचा पास आऊट, कधी पास आऊट झालास. हा अर्थ लष्करातला, खडकवासल्याला एनडीएची पासिंग आऊट परेड होते तोच, ब्रिटनमध्येही ट्रेनिंग संपवणाऱ्या कॅडेट्ससाठी तो चालतो. पण कॉलेजातून बाहेर पडलेल्याला तिथे कोणी तसं म्हणत नाही, तिथल्या पेशंटसाठी पास आऊट म्हणजे बेशुद्ध पडणं आणि पास अवे म्हणजे वारणं.

आपण बोलून गेला, बोलून बसला, बोलून टाकलं यातला फरक कुठे पाठ केला होता? प्रसंगातूनच कळला ना? इंग्लिशमधल्या या जोड्याही तशाच शिकाव्यात असं माझं ठाम मत आहे. या मुलींना सिंकोपी म्हणजे बेशुद्ध पडणं, एमेसिस म्हणजे उलटी, सगळं येतं, पण तिथला म्हातारा पेशंट उलटीला थ्रो अप म्हणणार, कफ पडला तर ब्रिंग अप म्हणणार, आणि पोटाच्या ऑपरेशननंतर आपण जसं गॅस पास झाला का विचारतो तसं तिथल्या सिस्टर पास्ड विंड का विचारतात.

मग तोच रोल-प्ले परत घेतला. "ही पास्ड आऊट व्हेन ही गॉट अप, बट ही केम राउंड इन अबाउट अ मिनिट," एवढं सांगून त्या थांबल्या नाहीत, डोक्याला मार नाही, झोपून आणि उभं करून बीपी घेतलंय, डॉक्टर गोळ्या बघतायत, हे सगळं न अडखळता सांगितलं. शेवटी सगळ्यांना सीव्ही उघडायला लावले, जिथे जिथे पास्ड आऊट होतं तिथे क्वालिफाइड करून घेतलं.