शिसं आहे का, एवढंच विचारलं होतं

गुहागरला आमच्या घरी पाणी विहिरीचं, पण नळापर्यंत येतं ते आजोबांच्या काळातल्या पीव्हीसी पाइपातून. अशा पाइपांत शिशाचं स्टॅबिलायझर, म्हणजे प्लास्टिक टिकवणारं रसायन, सर्रास असायचं. त्यावर नियम आला थेट २०२१ मध्ये. त्यात जांभ्यातलं पाणी जरा आम्लधर्मी, धातू ओढून घेणारं. घरात बाळ आलं, तेव्हा तपासून घ्यायचं ठरवलं.

सरकारी प्रयोगशाळेच्या खिडकीवर स्पष्ट सांगितलं, शिसं बघायचंय. फॉर्मवर चौकोन दोनच, ‘रासायनिक’ आणि ‘जैविक’.

“शिसं रासायनिकमध्ये येतं ना?”

“हो हो, भरा.”

पैसे भरले. मग कधी साहेब फिल्डवर, कधी प्रिंटर बंद. शेवटी, “आता गणपती झाले की या.” गणपती झाले, गौरीही गेल्या, तेव्हा कागद हातात आला. पीएच, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), हार्डनेस, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड. खाली गोल शिक्का, ‘पिण्यास योग्य’. शिशाचं नावच नाही!

“ते मशीन इथं नाही हो. आणि टीडीएस कमीच आहे तुमचा, कशाला काळजी करता?”

डोकंच फिरलं. शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, आणि टीडीएस मोजतात शेकड्यांत. त्या आकड्यात शिसं दिसणार कसं? मशीन नाही हे पहिल्याच दिवशी सांगायला काय जात होतं?

खासगी लॅबमध्ये काम पटकन झालं. त्यांच्या बाटलीत तळाशी थोडं नायट्रिक ॲसिड असतं, ती विसळू नका. नमुना सकाळच्या पहिल्या धारेचा, आणि दुसरा थेट विहिरीतला. आमची विहीर स्वच्छ निघाली, नळ मर्यादेच्या वर.

फिल्टरवाला म्हणाला, “करवंटीचा कोळसा आहे, सगळं खेचतो.” नाही खेचत. साधा दाणेदार कोळसा वास आणि क्लोरीन काढतो. शिशाच्या बाबतीत त्याचा भरवसा नाही, पाणी आम्ल असलं की आणखीच कमी. शिशासाठी खास बनवलेला कार्बन ब्लॉक, म्हणजे दाबून घट्ट केलेला कोळसा, घ्या, एनएसएफ ५३ या फिल्टरच्या मानकाच्या प्रमाणपत्रात ‘शिसे’ लिहिलंय ना ते बघा. धार बारीक येते, येऊ द्या; पाणी कोळशाजवळ रेंगाळलं पाहिजे. ठरलेले लिटर झाले की कार्ट्रिज बदला, चव चांगली लागत असली तरी. पाणी उकळून उपयोग नाही, शिसं मागेच राहतं.

फिल्टरनंतरचं पाणीही तपासलं, मर्यादेत आलं. तेव्हा कुठे हुश्श झालं.

आणि हो, कुठल्याही खिडकीवर आधी तपासण्यांची छापील यादी मागा. त्यात ‘शिसे’ दिसलं नाही, तर पाकीट उघडूच नका.