एकाच जनुकाची दोन दुखणी

रुग्णाचे वय ४८. पक्षाघाताचा हा त्यांचा दुसरा झटका होता आणि रक्तदाब, साखर, तंबाखू, हृदयाची लय यांपैकी कशातही दोष सापडत नव्हता. फाइलमध्ये मानसोपचाराचेही कागद होते. हिशेबातल्या चुका, कामातली दिरंगाई आणि उदासपणा यांवर दोन वर्षे औषधे चालू होती. पण या तक्रारींचा आधीच्या झटक्याशी संबंध असेल, अशी शंका कोणीच नोंदवलेली नव्हती. जुन्या एमआरआयच्या रिपोर्टवर तर ‘वयोमानानुसार बदल’ असा शेरा होता. पन्नाशीही न गाठलेल्या माणसाच्या मेंदूवर असा शेरा मारून मोकळे होणे मला अक्षम्य वाटते.

मी रिपोर्ट बाजूला ठेवून मूळ चित्रे पाहिली. उच्च रक्तदाबामुळेही मेंदूच्या आतल्या भागात पांढरे डाग पडतात; मात्र कानशिलाकडच्या खंडाचे पुढचे टोक त्यातून सहसा सुटते. येथे दोन्ही बाजूंची टोके लख्ख पांढरी होती आणि एक्स्टर्नल कॅप्सूल या खोलवरच्या पातळ पट्ट्यातही तसेच डाग होते. ही जोडी दिसली की कॅडासिल या आनुवंशिक आजाराचा विचार करावाच लागतो.

मग घराण्याची माहिती नव्याने घेतली. थोरली बहीण म्हणाली, “वडिलांना अर्धांगवायू झाला होता. आत्याला मात्र पन्नाशीतच म्हातारचळ लागला, पण तो वेगळा आजार ना?” आमच्या फॉर्मवरही पक्षाघात आणि स्मृतिभ्रंश यांचे रकाने वेगळेच असतात, त्यामुळे हा धागा वर्षानुवर्षे निसटत राहतो.

तपासणीत १९व्या गुणसूत्रावरील नॉच-३ जनुकात बदल सापडला. कॅडासिलचे कारण हेच जनुक आहे, हे १९९६ मध्ये उघड झाले. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाच्या पेशीबाहेरील भागात एकसारखे ३४ तुकडे असतात आणि प्रत्येकात सिस्टीन या अमिनो आम्लाचे सहा रेणू जोडीजोडीने बांधलेले असतात. दोषामुळे बहुतेक वेळा एक सिस्टीन कमी होते किंवा वाढते, जोडी विस्कटते आणि ते प्रथिन मेंदूतील बारीक धमन्यांच्या भिंतींत साचत जाते. भिंतीतील स्नायूपेशी झिजतात, रक्तपुरवठा रोडावतो. त्यातूनच कधी झटका येतो, तर कधी विचारांची गती मंदावत जाऊन स्मृतिभ्रंश होतो. वडील आणि आत्या यांचे दुखणे बहुधा एकच होते.

प्रत्येक अपत्यात हा दोष उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. आजार रोखणारे औषध आज नाही. रक्तदाब काटेकोर सांभाळणे आणि धूम्रपान टाळणे एवढेच हाती असते. बहिणीने स्वतःची तपासणी नको म्हणून स्पष्ट सांगितले. बोलता बोलता तिने तिशीपासूनच्या अर्धशिशीचा आणि त्याआधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेषांचाही उल्लेख केला. अशी अर्धशिशी अनेकांना असते, तेवढ्यावरून निदान होत नाही. पण या आजाराची सुरुवात कित्येकदा तशीच होते. तिने विचारले नाही, म्हणून मी त्यावर बोललो नाही.

तिच्या सव्वीस वर्षांच्या मुलाला मात्र तपासणी हवी आहे. ते ऐकून ती मला एवढेच म्हणाली, “त्याचा रिपोर्ट आला की माझाही आलाच ना, डॉक्टर?” दोष आढळला तर तो तिच्याकडूनच आलेला असणार, हे तिने बरोबर ओळखले होते. सज्ञान मुलाला नकार देण्याचा अधिकार मला नाही, आणि आईचा न जाणण्याचा हक्कही मला तितकाच खरा वाटतो. जनुकीय समुपदेशकांसह दोघांना एकत्र बसवण्याचे ठरले आहे. तोवर मुलानेही तपासणीसाठी रक्त देण्याचे थांबवले आहे.