रोलरच्या रेघा

एप्रिलमध्ये माझ्या त्वचेच्या दवाखान्यात नवऱ्यामुलींचा हंगाम असतो. सांगलीच्या विश्रामबागेत सकाळपासूनची ही तिसरी. बरोबर आत्या, डोक्यावर पदर घट्ट ओढून. वडिलांचा मार्केट यार्डात हळदीचा व्यापार, लग्न तेवीस दिवसांवर. पोरीनं तोंड उघडायच्या आत आत्याच म्हणाल्या, "मॅडम, ते सुयांचं करून टाका. खड्डे गेले पायजेत. पैशाचं काय बघू नका."

गालांवर मुरमांचे जुने खड्डे होते. खोल नव्हते, बशीसारखे पसरट. असल्या खड्ड्यांना मायक्रोनीडलिंग चांगलं लागू पडतं. त्वचेला मुद्दाम शेकडो बारीक जखमा करायच्या आणि त्या भरताना शरीर जे नवं कोलॅजन, म्हणजे त्वचेला भरीव ठेवणारं प्रथिन, घालतं ते पदरात पाडून घ्यायचं, एवढाच त्यामागचा हिशोब. मी त्यासाठी सुयांचं यांत्रिक पेन वापरते. आधी पाऊण तास बधिर करायची क्रीम, मग गालावर दीड मिलिमीटरपर्यंत सुई. रक्ताचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसले की थांबायचं. चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं तीन-चार सिटिंग. फरक दिसायला काही महिने जातात, त्यामुळे तेवीस दिवसांत होण्यासारखं त्यात तसंही काही नव्हतं. पण नाही म्हणायच्या आधी चेहरा बघायचाच, असा माझा शिरस्ता आहे.

मी छतावरची ट्यूब बंद केली आणि कानाजवळून तिरका दिवा धरला. ही सवय मला फुकट लागलेली नाही. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या एका मुलाला मी ट्यूबच्या उजेडात बघून नीडलिंग केलं होतं. त्याच्या जबड्यावर दोन-तीन सपाट चामखिळी होत्या. कातडीच्याच रंगाच्या, जेमतेम उंचवटा असलेल्या. मला दिसल्याच नाहीत. चामखीळ विषाणूनं होते. सुई तिच्यातून गेली की तो विषाणू पुढच्या भोकात पेरला जातो. पोरगा सहा आठवड्यांनी आला तेव्हा जबडाभर मोहरी शिंपडल्यासारखं दिसत होतं. मी पैसे परत केले, वाढलेल्या चामखिळींवर फुकट उपचार केले, तरी त्याच्या आईची नजर काही विसरता आली नाही.

तर तिरका दिवा. पोरीच्या डाव्या गालावर सावल्या पडल्या आणि मला चार रेघा दिसल्या. एकमेकींना समांतर, एस.टी.च्या टायरची नक्षी उमटावी तशा. प्रत्येक रेघेत सपाट डोक्याचे, दीड-दोन मिलिमीटरचे ठिपके ओळीनं बसलेले. आजार आपणहून इतकी सरळ ओळ सहसा धरत नाही. बाहेरून काहीतरी फिरलेलं असतं.

"घरी काही फिरवतेस का गं तोंडावर?"

तिनं आत्याकडं बघितलं. मग पर्सची चेन उघडली आणि प्लॅस्टिकची डबी टेबलावर ठेवली. ऑनलाइन मागवलेला रोलर, डबीवर पाचशे चाळीस सुया असं छापलेलं. चार महिने आठवड्यातून दोनदा. "धुते की मी," ती म्हणाली. "गरम पाण्यानं."

मी रोलर डर्मोस्कोपखाली, म्हणजे कातडी बघायच्या भिंगाखाली, धरून तिलाच दाखवला. निम्म्या सुयांची टोकं मासे धरायच्या गळासारखी वळलेली. मधल्या फटीत वाळलेल्या कातडीचा भुसा. असल्या अर्ध्या मिलिमीटरच्या सुया खड्ड्याच्या तळापर्यंत पोचत नाहीत. विषाणूला मात्र वरचा थर पुरेसा असतो. गालाच्या कडेला आधीची एखादीच चामखीळ असणार. बाकीची शेती रोलरनं केली.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच, "ताई पण हाच वापरते."

आत्यांना मात्र हे पटेना. चामखीळ म्हणजे त्यांच्या लेखी मानेवर लोंबणारी. "ह्या कुठल्या चामखिळी? तुमाला जमत नसंल तर आमी मिरजंला जातो." मी म्हटलं, जरूर जा, पण चामखिळी जाईपर्यंत कुणाकडूनही सुई मारून घेऊ नका. आणि लग्नाआधी त्या जाळायच्याही नाहीत. खपली, मग आपल्याकडच्या उन्हात काळा डाग. फोटोत तोच येईल. आता आहेत त्या मेकअपखाली सहज झाकतात. फक्त स्पंज स्वतःचा, टॉवेल वेगळा, गालावर थ्रेडिंग नाही, स्क्रब नाही. लग्न झाल्यावर आधी चामखिळींचा उपचार, त्या पूर्ण गेल्या की मग खड्डे.

"आणि हळदीला चेहऱ्यावर चोळायचं नाही. नुसतं बोट लावा. हातापायाला काय लावायची ती लावा."

"हळदीच्या व्यापाऱ्याची पोरगी," आत्या म्हणाल्या, "आन् तिला हळद चोळायची न्हाय?" एवढं म्हणून त्या उठल्याच. पोरगी ओशाळून हसली. मी सुयांच्या पांढऱ्या डब्याचं झाकण उघडलं आणि रोलरकडं बोट केलं, तर म्हणाली, "थांबा मॅडम, तो ताईचाय. विचारते." तिनं तिथंच फोन लावला. पलीकडून बराच आरडाओरडा झाला. शेवटी रोलर डब्यात पडला.

मी कागद लिहून दिला. पोरगी पैसे द्यायला बाहेर गेली. आत्या दारापर्यंत गेल्या, पडद्याला हात घातला आणि तशाच मागं फिरल्या. खुर्चीवर टेकल्या. आवाज एकदम खाली.

"मॅडम, त्या सुयांनी म्हनं केसबी येत्यात."

आणि त्यांनी आल्यापासून घट्ट ओढून धरलेला पदर कपाळावरून मागं सारला. मी पुन्हा ट्यूब बंद केली.