डोक्याएवढा डाग

आजोबांच्या चामड्याच्या आरामखुर्चीला पाठीवर, अगदी वरच्या बाजूला, एक काळपट डाग आहे. बरोबर डोक्याएवढा. अंघोळ झाली की माक्याचं तेल थापून आजोबा तिथे पेपर वाचत बसायचे, त्याची ही ३० वर्षांची कमाई. आजीने क्रोशाचा रुमाल विणून तिथे टाकला होता, पण तेल कसलं ऐकतंय, जाळीतून उतरलंच. (१९व्या शतकात इंग्रज पुरुष ‘मकासर’ तेल केसांना चोपडत, म्हणून तिकडच्या खुर्च्यांवरही असेच रुमाल आले, त्यांचं नावच ‘अँटिमकासर’. आजीला हे कळतं तर तिने आजोबांना ऐकवलं असतं.)

बाकीची खुर्ची मात्र खिडकीतल्या उन्हाने विटून ग्लुकोज बिस्किटासारखी झाली. जो येतो तो म्हणतो, डाग काढा. मुरलेलं तेल काढायचं कसं? त्यापेक्षा अख्खी खुर्चीच डागाच्या रंगाची करावी, असं मी ठरवलं.

आधी बैठकीच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पाण्याचा थेंब टाकला. तो वर मोत्यासारखा बसून राहिला असता तर समजायचं, वर रंगाचा थर आहे. तेल लावून नुसता चिकटा होणार. माझा थेंब मिनिटभरात आत गेला आणि मागे गडद ठिपका राहिला. तिथूनच खुमखुमी आली.

खोबरेल लावणार होतो. नाक्यावरचे चप्पल शिवणारे काका म्हणाले, “खवट वास मारंल वर्षभरात.” मग नीट्सफूट ऑइल मागवलं. ते गुरांच्या पायांच्या हाडांतून काढतात हे मी नको तेव्हा बोलून गेलो. आई म्हणाली, “असलं काही घरात नको.” मी विचारलं, “आणि खुर्ची कशाची आहे?” तिला एकदम कुकरची शिट्टी ऐकू आली.

फडक्याने पहिला हात मारला आणि पोटात गोळा आला. खुर्ची पार काळीठिक्कर! हात टेकायच्या जागा जास्त कोरड्या, त्यांनी अधाशासारखं तेल प्यायलं, तिथे ढग उमटले. ओली फरशी गडद दिसते तसलंच हे प्रकरण: तंतूंमधली हवा जाऊन तिथे तेल बसतं, उजेड आत शिरतो तेवढा परत येत नाही. पण फरशी वाळते. हे वाळत नाही, आणि पुन्हा फिकं करायची सोय नाही.

सकाळी मात्र तेल पसरून रंग एक छटा उतरला होता, ढगही विरले होते. मग घाई केली नाही. दोन दिवसांआड पातळ हात, असे तीन. चौथ्याला जीव धजावला नाही. आजोबांचा डाग अजून किंचित पुढेच आहे, पण शोधावा लागतो.

हे दाखवायला आईला हाक मारली. तिने बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि आत गेली. येताना जुनी सोलापुरी चादर घेऊन आली आणि पाठीपासून पायांपर्यंत अख्खी खुर्ची झाकून टाकली.

“पाहुण्यांचे कपडे खराब होतील,” ती म्हणाली.