एका रकान्यापायी रेकॉर्ड रूमचे नऊ दिवस

एमएस्सी नर्सिंगचं डिझर्टेशन गेल्या महिन्यात एकदाचं जमा केलं. सिनॉप्सिस, एथिक्स कमिटी, साठ बाळंतिणींची माहिती, सगळं वेळेत झालं. अडकले ती मास्टर चार्टवर, म्हणजे एकेका बाईची सगळी माहिती एकेका ओळीत भरलेल्या तक्त्यावर.

हिमोग्लोबिनसाठी मी चार चौकोन केले होते: ११ आणि वर, १० ते १०.९, ७ ते ९.९, ७ च्या खाली. गरोदरपणातल्या ॲनिमियाची जागतिक आरोग्य संघटनेची ही वर्गवारी, शिवाय टिक करायला सोपी. वॉर्डातल्या धावपळीत आकडे कोण लिहीत बसणार! स्टॅटिस्टिक्सच्या मॅडमनी त्या रकान्यावर बोट ठेवलं. "आकडे कुठायत?"

"मॅडम, ग्रेड आहे ना."

"म्हणजे ७.१ वाली आणि ९.९ वाली तुझ्याकडे सारखीच. सरासरी कशाची काढू?"

माझ्या उद्दिष्टातच 'सरासरी हिमोग्लोबिन' छापलेलं. सौम्य, मध्यम, तीव्र हा नुसता क्रम. कुठल्या ग्रेडला किती जणी, किती टक्के, आणि फार तर मधली बाई कुठल्या ग्रेडात पडते, एवढंच त्यातून निघतं. आकड्यावरून ग्रेड केव्हाही पाडता येते; ग्रेडवरून आकडा काढायचा तर रेकॉर्ड रूम गाठावी लागते.

पहिल्या दिवशी खिडकीवरचे भाऊ म्हणाले, पत्र आणा. पत्र नेलं तर एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) सहीखाली शिक्का नाही. शिक्का मारून नेलं तर साहेब मीटिंगला. चौथ्या दिवशी कळलं की गठ्ठे डिस्चार्जच्या तारखेनं बांधलेत, आणि माझ्याकडे फक्त आयपीडी नंबर, म्हणजे भरतीचा. (तुम्ही दोन्ही लिहून ठेवा, बाई.) ड्यूटी संपवून तीनला पोचायचे, साडेचारला त्यांची आवराआवर सुरू. दिवसाला जेमतेम दहा-बारा केसपेपर हाती लागायचे. एका रिपोर्टची पिन गंजून डाग नेमका आकड्यावर, ९.३ की ९.८ ते लॅबच्या रजिस्टरात जाऊन बघितलं. नऊ दिवसांत ५८ आकडे मिळाले, दोन पेपर गायब.

गायब असेल तिथे शून्य टाकू नका हं. मी टाकलं, तर 'सर्वांत कमी हिमोग्लोबिन ०' असं उत्तर आलं. जागा कोरी सोडायची.

रक्तगटाची गंमत आधीच झाली होती. ए ला १, बी ला २, एबी ला ३, ओ ला ४ असे कोड दिले आणि एक्सेलनं मुकाट्यानं सरासरी काढून दिली, अडीचच्या आसपास. अडीच म्हणजे कुठला रक्तगट? नुसती नावं असली की वारंवारता, टक्के आणि बहुलक (सर्वांत जास्त वेळा आलेलं नाव), संपलं.

उलट, दवाखान्यातले दिवस म्हणजे खरे मोजलेले आकडे, तरी तिथेही सरासरी फसवते. चार्टातल्या ओळीनं आलेल्या सात जणी बघा: ३, ३, ४, ४, ५, ५ आणि टाके पिकलेली एक, ३२. सरासरी आली ८. आठ दिवस त्यातली एकही राहिली नव्हती! मध्यक, म्हणजे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ४. म्हणून तिथे मध्यक आणि सोबत चतुर्थकं (आकड्यांचे चार सारखे भाग पाडणारे टप्पे) द्यायची. हिमोग्लोबिनचे आकडे मात्र मधोमध जमून दोन्हीकडे सारखे उतरत गेले होते, तिथे सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) चाललं.

वेदनेच्या ० ते १० गुणांवरून गाईड मॅडम आणि स्टॅटिस्टिक्सच्या मॅडम यांच्यात माझं सँडविच झालं. ८ म्हणजे ४ च्या दुप्पट दुखणं नव्हे, म्हणून एकीला मध्यक हवा. "आधीच्या मुलींनी सरासरीच दिलीय" म्हणून दुसरीला सरासरी. मी दोन्ही छापले. व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकांनी त्यावर काही विचारलं नाही, विचारलं ते मापनाच्या चार पातळ्या (नुसती नावं, क्रम, सारखी अंतरं, आणि खरं शून्य असलेले आकडे) कुणी सांगितल्या. स्टीव्हन्स, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, १९४६. आलं बाई उत्तर.

बाइंडिंग होऊन आल्यावर चौथ्या दिवशी रेकॉर्ड रूममधून फोन: "सिस्टर, तुमचे ते दोन पेपर सापडले. जूनच्या गठ्ठ्यात होते."