तू की तुम्ही

गुरुवार, रात्री साडेदहा

वाचनालयातून आणलेली कादंबरी आज संपवली. प्रेमकथा म्हणून आणली होती, पण त्यातला नायक सोडला तर बाकी बरं आहे. वडील गेल्यावर तीन भावंडांना एकमेकांचा पत्ता लागतो. आधी वकिलासमोर घुम्यासारखी बसतात, शेवटी एका टेबलावर जेवतात. अनुवाद आहे. पहिल्याच भेटीत बहीण भावाला म्हणते, 'तू बाबांसारखाच दिसतोस.' मी तिथंच अडले. मूळ इंग्रजीत 'यू' असणार, त्यांचं बरं आहे. अनुवादकानं सरळ 'तू' ठोकून दिलंय.

मला चार महिन्यांत ते जमलेलं नाही.

अप्पांच्या जमिनीच्या वारसनोंदीला हरकत आली तेव्हा कळलं, की मिरजेत माझा एक भाऊ आहे. मिरज म्हणजे काय, सिटी बसनं अर्धा तास! वकील म्हणाले, 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानं ते दुसरं लग्न लग्नच नाही, पण मुलगा औरस. अप्पांच्या वाट्यात त्याचा हक्क तुमच्याइतकाच. त्याच्या आईला मात्र काही नाही. हे शेवटचं ऐकून मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला लिहू.

रविवारी तो घरी आला. मला 'ताई, तुम्ही' म्हणतो. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, त्याला 'अहो' म्हणायला जीभ वळत नाही आणि 'अरे' म्हणायला धजत नाही. तासभर मी नुसतं 'बसायचं ना', 'चहा चालेल का', 'मिरजेत पाऊस कसाय' असं बिनसर्वनामाचं बोलत राहिले. आई आतून बाहेर आलीच नाही.

मग पुराचा विषय निघाला. सांगलीत दुसरा कुठला निघणार! 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आणि पाणी 57 फुटांच्या वर. गावभागातलं आमचं घर बुडालं, आम्ही विश्रामबागेत मावशीकडे. अप्पा रोज मिरजेहून डबा आणायचे. भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. 'खानावळीतनं आणलंय' म्हणायचे. खानावळीची भाकरी इतकी पातळ कशी, असं मावशी म्हणाली होती, तेवढंच.

"आमच्याच घरनं यायचा तो डबा," तो म्हणाला. "आई पहाटे चारला उठायची. एक डबा राहिला बघा तुमच्याकडं."

मला काही बोलता येईना. कादंबरीत अशा ठिकाणी मिठी मारतात. मी बशीत चिवडा वाढला.

तो गेल्यावर स्वयंपाकघरात गेले, तर आईनं मेतकुटाचा डबा ओट्यावर काढलेला. कडीचा, स्टीलचा. कितीतरी वर्षं फळीवर आहे तो. बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलंय, बाईचं, आडनाव आमचंच. मी कधी उलटा करून पाहिला नव्हता. आईनं घासताना रोज पाहिला असणार, आणि आईला वाचता येतं.

मेतकूट बरणीत गेलं, डबा धुऊन पुसून झाला. "रिकामा देऊ नये," म्हणाली, आणि त्यात साखर घातली. मूठभरच.

डबा अजून ओट्यावर आहे. परवा मिरजेला जायचंय.